तळे खोदण्यापूर्वी विहीर उघडा

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळाच्या परिवारातील चार वास्तुशांतींना जाण्याचा योग आला. चारही ठिकाणी एक प्रसंग जवळजवळ सारखाच घडला. पाने वाढली जाण्यापूर्वी यजमानांनी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने घरामागे नेले आणि परसातले तळे दाखविले. निळ्या फरशीचा तळ, काठावर प्लॅस्टिकचा बगळा, मध्यभागी विजेच्या पंपावर उडणारे कारंजे, पाण्याखाली रंग बदलणारे दिवे आणि त्या दिव्यांत गोंधळून फिरणारे लाल-पांढरे परदेशी मासे. एका ठिकाणी मी सहज विचारले, "पाणी कुठले?" यजमान म्हणाले, "नर्मदेचे. नळ सोडला की तासाभरात भरते." त्यांच्या स्वरात अभिमान होता. मी काही बोललो नाही. पाहुण्याने यजमानाच्या दारी उणे काढू नये, हा संस्कार आडवा आला. तेथे जे बोललो नाही ते येथे लिहीत आहे.

प्रथम गैरसमज दूर करतो. परसात पाणी असावे, त्यावर कमळ फुलावे, पक्ष्यांनी येऊन चोच बुडवावी, या इच्छेला माझा विरोध नाही. ही इच्छा फार जुनी आणि सुसंस्कृत आहे. माझे भांडण आहे ते ज्या तळ्याला स्वतःचे पाणीच नाही त्या तळ्याशी. जे नळाने भरते, पंपाने हलते आणि नळ बंद होताच आटते, त्याला तळे म्हणणे हा भाषेचा अपमान आहे. ती उघड्यावर ठेवलेली एक मोठी परात होय. आणि अशी परात भरण्यासाठी ज्या अंगणात खड्डा खणला जातो, त्याच अंगणात किंवा त्याच कुटुंबाच्या जुन्या वाड्यात एखादी विहीर स्लॅबखाली गाडलेली असते, तेव्हा तो अपमान भाषेपुरता उरत नाही.

चौतीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या माणसाला आकडेमोडीची खोड असते, ती वाचकांनी क्षणभर सहन करावी. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे मध्यम तळे घेऊ. त्याचे आकारमान २०० घनफूट, म्हणजे साडेपाच हजार लिटरांहून अधिक. एवढे पाणी एकदा भरले की झाले, अशी समजूत असते. परंतु मालव्याच्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर उतरते. आपल्या या तळ्यापुरते ते रोजचे ७५ लिटर होतात. उन्हाळ्याचे ९० दिवस याच हिशेबाने धरले तर साडेसहा हजार लिटरांहून अधिक, म्हणजे एक पूर्ण तळे आकाशात उडून जाते आणि ते नळाने पुन्हा भरावे लागते. कारंजे चालू असेल तर त्याचे तुषार आणखी पाणी उडवितात. शहरी पाणीपुरवठ्याचे आपल्याकडील मान्य प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर आहे. याचा अर्थ असा की, त्या बगळ्याच्या पायांशी दररोज एका माणसाच्या वाट्याचे निम्म्याहून अधिक पाणी आपण वाफ होण्यासाठी मांडून ठेवतो.

आणि हे पाणी येते कोठून? इंदूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर, मंडलेश्वरजवळ जलूद येथे नर्मदेतून ते उपसले जाते आणि चारशे मीटरहून अधिक उंची चढवून, विंध्याचा घाट ओलांडून येथे आणले जाते. १९७० साली हे पाणी मिळावे म्हणून या शहराने आंदोलन केले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो; घरातील मोठी माणसे सभांना जात, हे आठवते. १९७८ साली नर्मदा इंदुरात पोहोचली, तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि आमच्या आजीने नळाच्या पहिल्या धारेला हळदकुंकू वाहिले होते. ज्या पाण्याला आजीने हळदकुंकू वाहिले, ते पाणी उपसण्याचा विजेचा खर्च एवढा मोठा झाला की, जलूदच्या उपशासाठी सौर विद्युत प्रकल्प उभारण्याकरिता २०२३ साली महानगरपालिकेला रोखे काढून लोकांकडून २४४ कोटी रुपये उभे करावे लागले. इतक्या कष्टाने डोंगर चढून आलेले पाणी आपण प्लॅस्टिकच्या बगळ्यापुढे ओततो आणि त्याला निसर्गप्रेम म्हणतो.

येथे कोणी विद्वान म्हणतील, "अहो, पेशव्यांच्या शनिवारवाड्यातही कारंजे होतेच की!" होते, आणि अनेक धारांचे होते. पण त्या काळी पुण्यात पाणी कसे आले होते, हेही सांगावे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालील दगडी नळाने पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी खेळविले गेले. ते उताराने, स्वतःच्या ओढीने वाहत आले आणि त्याच मार्गावरच्या सार्वजनिक हौदांतून सामान्य लोकांनाही मिळाले. आधी तलाव, मग नळ, मग हौद आणि सर्वांत शेवटी कारंजे, असा तो क्रम होता. आपण शेवटची पायरी तेवढी उचलली आहे.

आपण ज्या संस्थानांच्या आश्रयाने या प्रांतांत आलो आणि रुजलो, त्यांचाही हाच क्रम होता. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यासाठी आजव्याचा तलाव बांधला. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या काळात तिघ्याचे धरण उभे राहिले. इंदूरला १९३९ साली गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. अहिल्याबाईंनी तर देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधविले. या मंडळींच्या बागांतही कारंजी होती. परंतु पाणी कोठून येईल याचा विचार न करता पाण्याची शोभा मांडावी, हे त्यांना सुचले नसते. आपल्या म्हणीनेही हेच सांगून ठेवले आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आजचे परसातले तळे म्हणजे आड बुजवून पोहरा रंगविण्याचा उद्योग आहे.

आड बुजविणे हा येथे केवळ अलंकार नव्हे. जुन्या इंदुरात मराठी वस्तीचे जेवढे वाडे होते, त्यांपैकी बहुतेकांत एक तरी विहीर होती. रहाटाचा आवाज ऐकून घरातली माणसे जागी होत. न्हाणीचे पाणी केळीला आणि मोरीचे पाणी अळूच्या वाफ्याला जाई. त्याला कोणी जलसंधारण म्हणत नसे. नळ आल्यावर प्रथम रहाट गेला, मग विहिरीत निर्माल्य पडू लागले, मग तिला वास येऊ लागला आणि अखेर वास येतो म्हणून तिच्यावर स्लॅब पडली. निर्माल्य आपणच टाकले होते, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही.

३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. इंदुरातील एका मंदिरात हवन चालू असताना भाविकांच्या पायाखालची जमीन खचली. ती जमीन नव्हतीच. जुन्या बावडीवर टाकलेली स्लॅब होती. तिच्यात पडून ३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री दूरदर्शनसंचापुढे बसून मी जे पाहिले, त्याचे वर्णन येथे करीत नाही. दुर्घटनेनंतर ती बावडी भरून टाकण्यात आली. शहराने या घटनेतून कोणता धडा घेतला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मी स्वतःला विचारला तो प्रश्न निराळा होता, कारण अशीच एक स्लॅब माझ्या सहीने पडलेली आहे.

ही गोष्ट सांगण्याचे कारण आमच्या सूनबाई. मागच्या दिवाळीत त्या म्हणाल्या, "बाबा, मागच्या अंगणात एक तळं करू या ना. निदान छोटीला बेडूक तरी दिसेल." मी नेहमीप्रमाणे तावातावाने वरील सर्व युक्तिवाद केला, नर्मदा, कात्रज, अहिल्याबाई, काही सोडले नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पण बाबा, आपल्या वाड्यातली विहीर कुठे आहे?"

ती विहीर १९९८ साली बंद झाली. वाडा पाडून तेथे सदनिका उभ्या करण्याचे ठरले, तेव्हा कागदपत्रांवर सर्व भावंडांच्या सह्या झाल्या. त्यांत माझीही होती. नकाशावर विहिरीच्या जागी वाहनतळ दाखविला होता. शासकीय नस्त्या वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो नकाशा वाचता आला नाही, असे मी म्हणू शकत नाही. मला तो वाचता आला होता. आता नळ आहे, विहीर काय करायची, असे मलाही वाटले होते. आज तिच्यावर मोटारी उभ्या राहतात. तेव्हा या लेखात मी इतरांना जे सुनावीत आहे, त्याचा पहिला आरोपी मीच आहे. आणि म्हणूनच मला ते सुनावण्याचा थोडा अधिकार आहे असे मानतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप डासांचा. "तळे काय, विहीर काय, उघडे पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण!" डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे खरे. परंतु त्याची आवडती स्थाने कोणती? न उपसलेला कूलर, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरची उघडी टाकी, टाकून दिलेले टायर. तेथे मासा नसतो. जेथे मासे आहेत तेथे डासांच्या अळ्या त्यांचे अन्न होतात. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबारासाठी इंदूरचा अहवाल लिहिला. हिवतापाच्या भयाने भारतातील तळी बुजविण्याच्या तत्कालीन टूमेला हा गृहस्थ सतत विरोध करीत राहिला. मासे आणि बदके सोडा, तळी राखा, हे त्याचे म्हणणे होते. शंभर वर्षांनंतर आपण बुजविण्यात मात्र प्रवीण झालो. उलट, फटी राहिलेल्या स्लॅबखालच्या विहिरीत डास शिरतात, मासा नसतो आणि कोणी वाकून पाहतही नाही.

दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षेचा. हा मात्र पूर्णपणे रास्त आहे आणि त्याला थट्टेने उत्तर देणे पाप होईल. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. म्हणून ज्या घरात रांगते-धावते मूल आहे, तेथे तळ्यावर पाण्याच्या पातळीच्या वर मजबूत लोखंडी जाळी असावी, नाहीतर सभोवार कुंपण आणि कडी असलेले फाटक असावे. तेही जमत नसेल तर मूल मोठे होईपर्यंत थांबावे. विहिरीला पुरुषभर नाही तरी छातीइतका कठडा आणि वर जाळी हवी. परंतु झाकणे आणि लपविणे यांत फरक आहे. जाळीखालचे पाणी दिसते, त्याची आठवण राहते. स्लॅबखालची विहीर पुढच्या पिढीला ठाऊकच नसते, आणि धोका तेथे सुरू होतो.

तिसरा आक्षेप असा की, "हे सर्व सरकारचे काम आहे." सरकारने काय केले, हे मी आतून पाहिले आहे. बांधकामाच्या परवानगीबरोबर छतावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची अट घातली जाते. पण कित्येक घरी ती कागदावर पुरी होते आणि खड्ड्याच्या जागी तुळस लावलेली आढळते. २०२२ साली आपल्या सिरपूर तलावाला आणि यशवंतसागराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. २०२५ साली इंदूरला रामसरची पाणथळ नगर म्हणून मान्यता मिळाली; भारतातील पहिल्या दोन शहरांत आपले नाव आले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण शहराला मिळालेले मानपत्र आपल्या परसातल्या कोरड्या मुळांना पाणी घालीत नाही.

मग करावे काय? माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. तळे अवश्य करा. पण त्याआधी छताकडे पाहा. एक हजार चौरस फुटांच्या छतावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ६५ हजार लिटरांहून अधिक पाणी हाती लागते. वर सांगितलेली अकरा तळी त्यात भरतील. पहिल्या एक-दोन पावसांचे धुळीचे पाणी बाहेर सोडावे. नंतरचे पाणी वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून विहिरीत न्यावे आणि त्याच नळाचा एक फाटा तळ्याला द्यावा. तळे भरून वाहू लागले की ते पाणी विहिरीत सोडू नये, त्यात शेवाळ आणि माशांची घाण असते. त्यासाठी स्वतंत्र शोषखड्डा असावा.

खोदताना आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात ठेवावा. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यावर बेतलेली सिमेंटची पेटी दोन उन्हाळ्यांत तडकते. म्हणून काळी माती काढून मुरमाचा थर ठोकून बसवावा, त्यावर वाळू आणि जुनी गोणपाटे अंथरून मग जाड आवरण टाकावे. मध्यभागी अडीच फूट खोली असावी, म्हणजे वैशाखात पाणी तापून मासे मरत नाहीत. एक बाजू उतरती ठेवावी. त्या बाजूने बेडूक, साळुंकी आणि पाण्यात पडलेली खारही बाहेर येऊ शकते. जागा अशी निवडावी की चार-सहा तास ऊन मिळेल, त्यावाचून कमळ फुलत नाही. मोठ्या झाडाखाली नको, कारण कुजणारी पाने पाण्यातला प्राणवायू खातात. कुमुद, वेखंड, नीरब्राह्मी लावावी. साधारण तिसरा हिस्सा पाणी पानांनी झाकलेले असावे, म्हणजे शेवाळ आवरते. जलपर्णीला मात्र थारा देऊ नये, ती तळे गिळते. मासे थोडे आणि स्थानिक जातीचे असावेत. परदेशी मासे कंटाळा आल्यावर नदीत किंवा तलावात सोडणारे लोक मी पाहिले आहेत. ते पुण्य नव्हे, तेथल्या माशांवर सोडलेली धाड आहे. नळाचे पाणी घालण्याची वेळ आलीच तर ते दिवसभर उघडे ठेवून मग घालावे, कारण त्यातील क्लोरीन माशांना बाधते. भर उन्हाळ्यात पातळी उतरली तर उतरू द्यावी. उन्हाळ्यात तळे खाली जाते, हे मुलांनी पाहिलेच पाहिजे.

आणि ज्यांच्या घरी जुनी विहीर आहे, त्यांनी तळ्याचा खर्च आधी तिच्यावर करावा. एक गंभीर सूचना: बंद विहिरीत कोणालाही एकदम उतरवू नये. आत विषारी वायू किंवा प्राणवायूचा अभाव असू शकतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत त्याला पुरेशी नाही. हे काम साधने आणि अनुभव असलेल्या माणसांकडूनच, यंत्राने हवा खेळवून आणि मोजून करून घ्यावे. घाई केली तर विहीर उघडताना आपण आणखी एक दुर्घटना उघडू.

सूनबाईंशी आता माझा तह झाला आहे. या पावसाळ्यापूर्वी मागच्या अंगणात लहानसे तळे होईल, छताच्या पाण्याचे. कारंजे नसेल, बगळा आला तर खरा येईल. त्याच्या मोबदल्यात मी एक काम पत्करले आहे. वाड्याच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीच्या रहिवाशांपुढे जाऊन, वाहनतळाखाली विहीर आहे हे त्यांना सांगावयाचे. पहिल्या बैठकीत दोघांनी ऐकले, चौघे उठून गेले आणि एकाने विचारले की आमच्या मोटारींचे काय. प्रश्न बरोबर आहे. ज्यांनी ती सही केली, त्यांनीच त्याचे उत्तर शोधले पाहिजे. निदान स्लॅबची तपासणी करून घ्यावी, तेथे जड वाहने उभी करू नयेत आणि छताचे गाळलेले पाणी आत सोडावे, एवढ्यापुरता मी दुसऱ्या बैठकीला पुन्हा जाणार आहे.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदा असो की हैदराबाद. आपल्या कुलवृत्तांतांत आपण मूळ गाव लिहितो, गोत्र लिहितो, कोणत्या सरदाराबरोबर आलो ते लिहितो. जिचे पाणी पिऊन चार-पाच पिढ्या वाढल्या, त्या विहिरीची नोंद कोणत्याही कुलवृत्तांतात मला आढळली नाही. पुढील अंकापासून प्रत्येक कुटुंबाने आपल्या विहिरीची नोंद पाठवावी: कोठे होती, किती खोल होती, कधी बंद झाली आणि कोणी केली. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये.

पहिली नोंद माझी. जुन्या इंदुरातील वाडा, दगडी बांधणीची गोल विहीर, एक, खोली सुमारे पस्तीस फूट, पाणी गोड, बंद झाल्याचे साल १९९८, बंद करणाऱ्यांत प्रस्तुत लेखक.